इंजिन मधलीच्या वाट्याला

मोटार शेवटी भंगारात गेली. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे उगाच कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. इंजिन एका ट्रकमधून गेलं, बॉडी दुसऱ्यातून, चाकं तिसऱ्यातून, आणि तिन्ही ट्रक कोपऱ्यावरून तीन दिशांना वळले.

आता हे विसरून जायचं. घरात असं काही झालेलंच नाही. घरात मोटार 'गॅरेजला आहे', आणि कुणी पाहुण्याने विचारलंच तर आई म्हणते, "येईल दोन-चार दिवसांत, त्यांचा माणूस रजेवर आहे." तो माणूस काही वर्षं रजेवर आहे. तेव्हा आपणही तेच धरून चालू. मोटार गॅरेजला आहे आणि सगळं घर तिला बघायला गेलेलं आहे.

गॅरेजात बसायला खुर्च्या नव्हत्या. निरनिराळ्या मोटारींमधून काढलेल्या सीटा भिंतीशी ओळीने मांडल्या होत्या, त्यामुळे तिथे बसलेला माणूस कुठेतरी निघाल्यासारखा दिसायचा. आई आणि वहिनी मागच्या लांब सीटवर बसल्या होत्या, मांडीवर पर्सा घेऊन. थोरल्याने ड्रायव्हरची सीट पटकावली होती. तिची पाठ टिकवणारा खटका तुटलेला होता, पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. धाकटा एका लहान मोटारीच्या सीटवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसला होता. आणि समोर, लोखंडी तुळईला अडकवलेल्या साखळीवर, इंजिन लटकत होतं. त्याच्याखाली उभं राहू नये असं भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं होतं. मधली बरोबर त्याच्याखाली उभी होती, कारण ते तिचं होतं.

तिचं कसं, ते सांगायला हवं. बाबांनी वाटणी केली ती जेवणाच्या टेबलावर, सूप पिता पिता. घर, जमीन, कपाटं, भांडी यांच्यावरून कुणी अवाक्षर काढलं नाही. उलट 'तू घे, अरे तूच घे' असा इतका आग्रह झाला, की एक कपाट आजही तिघांपैकी कुणाचंच नाही. पण मोटारीचा विषय निघाला आणि तिघंही एकदम गप्प झाले. त्या गप्प बसण्यातच बाबांना काय ते कळलं. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"बॉडी थोरल्याची," ते म्हणाले. "इंजिन मधलीचं. जे जे फिरतं ते धाकट्याचं. हॉर्न हिचा." आणि मग, "सूप गार झालं."

कागद नाही, पत्र नाही. त्यानंतरही बाबा बरेच महिने होते. चालत होते, बोलत होते, टीव्हीवरच्या बातम्यांवर चिडत होते. तेवढ्या अवधीत कुणीही त्यांना 'असं का' म्हणून विचारलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरा विचारेल. मधली त्यांना तपासणीला दवाखान्यात न्यायची, ती त्याच मोटारीतून. प्रत्येक सिग्नलला ती तोंड उघडायची, आणि प्रत्येक सिग्नलला बाबा म्हणायचे, "क्लच हळू सोड." मग हिरवा दिवा लागायचा.

बाबा गेल्यावर वाटणी अंमलात आली ती अक्षरशः. पोचा पडला तर थोरला भरून देणार. टायर झिजला तर धाकटा. हॉर्न वाजवायचा असेल तर आईची परवानगी, आणि आई गाडीत नसेल तर फोन करून. एकदा आई झोपली होती म्हणून धाकटा भाजीच्या हातगाडीमागे अर्धं गाव फिरून आला होता. काचेवरचे वायपर फिरतात की नुसते हात हलवतात, यावर एक अख्खा पावसाळी आठवडा भांडण चाललं होतं, आणि तोवर सगळ्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी चालवली होती.

आणि मग गाडी थरथरायला लागली.

चालताना कमी, उभी असताना जास्त. सिग्नलला थांबली की थंडी वाजल्यासारखी हुडहुडायची. इतर कुणाचं यात फारसं बिघडत नव्हतं. थोरला जमीन मोजायच्या कामावर जाताना ती घेऊन जायचा, त्याचे लोखंडी खांब डिकीत खणखणायचे, तो खूश दिसायचा. धाकट्याचा आवाज गावातल्या सगळ्या लिफ्टमध्ये होता ('दरवाजे बंद होत आहेत' म्हणतो तो धाकटाच), त्याला गाडीची गरज सहसा पडायची नाही. प्रश्न होता तो मधलीचा. मधली केक करायची. मोठे, मजल्यांचे. तिच्या हातचा तीन मजली केक घरून निघताना इमारतीसारखा ताठ असायचा आणि पोचेपर्यंत सिग्नलागणिक एकेक मजला सरकायचा. एका निवृत्तीच्या समारंभात वरचा मजला खालच्यात इतका रुतून पोचला होता, की निवृत्त होणाऱ्या गृहस्थांनी तो बघून भाषणच आवरतं घेतलं.

इंजिन तिचं, म्हणून थरथर तिची. ती गॅरेजवाल्याकडे गेली. त्याने विचारलं, "काय काय बघू?" ती म्हणाली, "फक्त इंजिन. बाकीचं माझं नाही." त्याने प्लग बदलले. दोन दिवस बरं वाटलं. मग पंप बदलला, मग हेड उघडून पुन्हा बसवलं. या सगळ्यात मधलीचा दुसरा ओव्हन विकला गेला. आणि आता त्याने इंजिन खाली उतरवून ठेवलं होतं, म्हणजे वर लटकवून ठेवलं होतं, आणि पूर्ण बांधून घ्यावं लागेल असा निरोप पाठवला होता. त्यासाठी पहिला ओव्हन विकायला लागणार होता. ओव्हन विकला तर मोटार असेल आणि न्यायला केक नसेल. नाही विकला तर केक असेल आणि न्यायला मोटार नसेल. शिवाय ज्या हॉटेलला रोज सकाळी केक हवा होता, त्यांची एकच अट होती, केक उभा पोचला पाहिजे. ते या आठवड्यात कळवा म्हणाले होते. मधली दोन रात्री हे उलटसुलट करून बघत होती, आणि दोन्ही बाजूंनी ते सारखंच निघत होतं.

"इंजिनचं पूर्ण काम निघालंय," गॅरेजवाला हात पुसत म्हणाला, "असं मी परवा म्हणालो होतो."

"मग आज?" मधलीने विचारलं.

"आज तसं वाटत नाही." त्याने वर बघितलं. "पण वाटतंयही."

"म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे बघा ताई, आवाज इंजिनाचा आहे. पण इंजिन उघडून बघितलं तर ते तसं काही म्हणत नाहीये."

"वन्सं," वहिनी म्हणाली. एरवी ती मधलीला सरळ 'अगं' म्हणायची. 'वन्सं' फक्त खर्च निघाला की. "इंजिन तुमचं, तेव्हा काय करायचं ते तुम्हीच ठरवा. आम्ही आपले सोबत म्हणून आलोय."

"सोबत म्हणून चौघं?"

"घरी तरी काय करणार होतो."

थोरल्याने घसा साफ केला. "मी काय म्हणतो," तो म्हणाला, आणि त्याची सीट एक बोट मागे कलली. "हे रोजचं झालं. आज प्लग, उद्या पंप. किती दिवस या खर्चाच्या मागे धावणार तू? ज्याने त्याने आपापला भाग विकून मोकळं व्हावं. बॉडीला एक माणूस गिऱ्हाईक आहे. मी माझी बॉडी विकतो. तू तुझं इंजिन वीक."

"आणि मी?" धाकटा म्हणाला.

"तू चाकं घेऊन घरी जा."

"दादा, ताईने एकटीने का भरायचं पण? गाडीत आपण सगळेच बसतो." धाकट्याचा आवाज इतका शांत आणि स्वच्छ होता, की लिफ्टची सवय असलेला कुणीही आपोआप एक पाऊल मागे सरला असता. मधलीला एकदम भरून आलं. लहानपणापासून धाकटा तिच्याच बाजूचा. निदान तो तरी.

"बरोबर आहे त्याचं," आई म्हणाली.

"क्रँकही बघून घ्यायला लागेल," गॅरेजवाला मध्येच म्हणाला.

"क्रँक म्हणजे?" वहिनीने विचारलं.

"इंजिनाच्या पोटात एक दांडा असतो. तो फिरतो."

मग हळूहळू, कुणी ठरवल्याशिवाय, सगळ्यांच्या माना धाकट्याकडे वळल्या.

"इंजिनाच्या आत फिरतो तो इंजिनाचाच," धाकटा म्हणाला. आवाज तोच, फक्त किंचित घाईचा.

"बाबा काय म्हणाले होते?" थोरला म्हणाला. "जे जे फिरतं. नुसतं 'जे' नाही म्हणाले. दोनदा म्हणाले."

"जेवताना म्हणाले. तोंडात सूप होतं."

"सूप असलं म्हणून काय झालं?"

"बरं," धाकटा म्हणाला. "मग स्टिअरिंगही फिरतं. म्हणजे इतकी वर्षं तू माझं स्टिअरिंग मला न विचारता फिरवत आलास. दाराची किल्ली फिरते. काच खाली करायचा दांडा फिरतो. तुझ्या बॉडीत तू माझ्या मेहेरबानीवर बसतोस दादा, हे एकदा सरळच बोलून घेऊ. आणि ताई, क्रँकचं म्हणशील तर माझा याच्याशी काडीचा संबंध नाही. इंजिन तुझं. पूर्ण तुझं. आतल्या दांड्यासकट."

तर 'निदान तो तरी' हे एवढा वेळच टिकलं. मधलीने इंजिनाकडे बघितलं. खालून ते फार मोठं दिसत होतं. तेलाचा एक थेंब बराच वेळ विचार करून तिच्या खांद्यावर पडला.

तिने बाजूला होऊन खांदा पुसायला कामाच्या बाकावरचं फडकं उचललं. फडक्याखाली एक काळा रबराचा ठोकळा होता, मुठीएवढा, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टी असलेला. मधोमध चिरलेला. दोन्ही हातांनी ओढला तर तो तोंड उघडल्यासारखा उघडायचा.

"हे काय आहे?"

"ते माउंटिंग," गॅरेजवाला म्हणाला. "इंजिन नुसतं बॉडीवर ठेवत नाहीत. मध्ये हे असतं. इंजिन हललं तरी बॉडीला कळू नये म्हणून."

"हे चिरलंय."

"चिरलंय ना. बरंच जुनं चिरलंय."

"चिरलं की काय होतं?"

"थरथरते गाडी. उभी असताना जास्त."

मधलीने तो ठोकळा खाली ठेवला. मग परत उचलला. "तुम्ही प्लग बदललेत," ती म्हणाली. "पंप बदललात. हेड उघडलंत."

"बदललं ना."

"आणि हे तुम्हाला दिसत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाही?"

गॅरेजवाला खरोखर गोंधळला. "तुम्हीच म्हणालात ना ताई, फक्त इंजिन बघा, बाकीचं माझं नाही. हे इंजिन नाही. हे साहेब बॉडीचं काम घेऊन आले तेव्हा त्यांना दाखवणार होतो, पण ही बॉडीही नाही. फिरत तर नाहीच. मला वाटलं, याचा मालक वेगळा असेल. तो येईल म्हणून थांबलो होतो."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सगळे एकदम बोलायला लागले.

"इंजिनाला लागतं म्हणजे इंजिनाचं," थोरला म्हणाला.

"बॉडीला बोल्टने बसतं ते," मधली म्हणाली. "ही बघा दोन भोकं."

"वरही दोन भोकं आहेत," गॅरेजवाला म्हणाला. "इंजिनाची."

"एक मिनिट." थोरल्याने खिशातून टेप काढला. टेप हातात आला की थोरला बदलायचा. त्याने आयुष्यभर लोकांच्या हद्दी मोजल्या होत्या आणि त्यात भावाचा भाऊपणाही कधी चालू दिला नव्हता. त्याने ठोकळा आडवा मोजला, उभा मोजला, चीर कुठून जाते ते बघितलं. सीट आणखी मागे कलली होती, त्यामुळे तो जवळजवळ उताणा होऊन छातीवर रबर धरून मोजत होता. "हद्द रबरातूनच जाते," तो शेवटी म्हणाला. "बरोबर मधून. निम्मं तिच्याकडे, निम्मं माझ्याकडे. खोटं कशाला बोलू."

"अहो," वहिनी दबक्या आवाजात म्हणाली, "थोडं खोटं बोलला असतात तर काय झालं असतं."

"रबराचंच आहे ना," आई म्हणाली. "घाला नवीन."

"रबर फार महाग नाही आई," धाकटा म्हणाला. तो आता एकदम तटस्थ झाला होता, कारण रबर फिरत नाही हे सिद्ध झालं होतं. "पण ज्याचं रबर, त्याच्यापायी ताईने सगळं इंजिन विनाकारण खणून काढलं. प्लग, पंप, हेड, एक ओव्हन. ते सगळं त्या रबरवाल्याने भरून द्यायला नको का?"

हे ऐकल्याबरोबर थोरल्याने काखा वर केल्या. उताणा असल्यामुळे त्या जरा जास्तच वर गेल्या. "मग रबर आमचं नाही."

"आत्ता निम्मं तुमचं होतं," धाकटा म्हणाला.

"मोजलं होतं. घेतलं नव्हतं."

"माझंही नाही," मधली म्हणाली. "माझंच रबर असेल तर मीच मला भरून देऊ का?"

"मग काय माझं?" आई म्हणाली. "मला बापडीला हॉर्न."

थोडा वेळ रबर कुणाचंच नव्हतं. ते बाकावर पडून होतं आणि सगळे दुसरीकडे बघत होते, पंगतीत सांडलेल्या पाण्याकडे बघतात तसे. बाहेर एक मोटार सुरू व्हायचा प्रयत्न करत होती आणि तिचा मालक तिला हळू आवाजात समजावत होता.

मग आईने विचारलं, "हे रबर बसवलंच नाही, तर इंजिन बॉडीला लागतं का?"

"नाही," गॅरेजवाला म्हणाला. "तसं लावता येत नाही."

"म्हणजे ज्याचं रबर, त्याच्या मनात असेल तर ती मोटार. नाहीतर एक पिंप आणि एक लोखंड."

"बरोबर."

"म्हणजे तो नको म्हणाला तर कुणाला काही विकताही येणार नाही. नुसत्या बॉडीला कोण कुत्रं विचारणार."

"बॉडीचं गिऱ्हाईक मीच आहे," गॅरेजवाला म्हणाला. "पण हो. रबरासकटच घेईन."

वहिनीचं डोकं या बाबतीत घरात सगळ्यात जलद चालायचं. "रबर आमचंच आहे," ती म्हणाली. "पहिल्यापासून. हे मोजताना सारखं म्हणत होते, माझ्याकडे जरा जास्त आहे म्हणून."

"मी असं म्हणालो नाही," थोरला छताकडे बघत म्हणाला.

"मनात म्हणालात."

"रबर दाबलं की जरा फिरल्यासारखं होतं," धाकटा विचारपूर्वक म्हणाला. "पिळल्यासारखं. गाडी वळताना नक्की होत असणार."

मधलीने रबर उचललं आणि दोन्ही हातांत धरून ठेवलं. आधी तिला वाटलं, आपण ते मोटारीसाठी धरलंय. मग वाटलं, ओव्हनसाठी. मग यातलं कुठलंच पटेना. तेलकट, जड, चिरलेली वस्तू होती ती, कुणीही नाक मुरडलं असतं. पण हातातून सोडवेना. एवढी वर्षं एकीकडे इंजिन धडधडत होतं आणि दुसरीकडे लोक आरामात बसलेले होते, आणि हे मध्ये पडून सगळं सोसत होतं. आणि ते कुणाच्या वाट्याला द्यायचं बाबांच्या लक्षातच आलं नव्हतं. की आलं होतं?

"आई," ती म्हणाली, "बाबांनी मला इंजिन का दिलं?"

"आता हे मध्येच काय?"

"मध्येच नाही. मी केव्हापासून विचार करतेय. जड होतं म्हणून दिलं, की चांगलं होतं म्हणून?"

"लाडक्या होतात तुम्ही," वहिनी म्हणाली. "मोटारीत दुसरं असतं काय? इंजिनच."

"लाडक्या माणसाला कुणी सारखं बिघडणारं काही देतं का?"

"तेव्हा बिघडत नव्हतं."

"मला कसं ठाऊक असणार?" आई म्हणाली. ती लांब सीटवर जरा पुढे सरकली. "मला हॉर्न का दिला, ते तरी मला कुठं ठाऊक आहे. तुझ्या बाबांच्या शेजारी इतकी वर्षं बसले, एकदाही हात लावला नव्हता मी हॉर्नला. पहिल्या दिवशी वाजवला तर स्वतःच दचकले." ती थांबली. "मला वाटलं, मी फार गप्प असते म्हणून दिला असेल. किंवा फार बोलते म्हणून. तेही कळेना."

थोरला उताणाच होता. त्याला आता खटक्याचं कळलं होतं, पण तो उठला नाही. "मला गाडी चालवायला आवडतच नाही," तो छताला म्हणाला. "बाबांना माहीत होतं. तरी सगळ्यांत मोठा भाग मला दिला. मला वाटलं, मोठा म्हणून मोठा. मग वाटलं, आतलं काही नको म्हणून नुसतं बाहेरचं दिलं मला."

"असं नसेल हो," वहिनी म्हणाली. यावेळी ती खरंच म्हणाली.

"मी तर आयुष्यभर वरखाली करतो," धाकटा म्हणाला. "आणि मला म्हणे फिरतं. मला वाटलं, चुकून माझ्या जागी दुसऱ्याचं नाव घेतलं असेल."

एकाच टेबलावर, एकाच सूपाशी बसून प्रत्येकाला काहीतरी मिळालं होतं, आणि प्रत्येकाला इतके दिवस वाटत होतं की ते का मिळालं हे बाकीच्यांना माहीत आहे. मधलीला तर थोरल्याचा उगाच हेवाही वाटत आला होता. निदान बॉडी म्हणजे बॉडी, त्यात विचारण्यासारखं काही नाही, असं ती समजत होती.

"तर मग काय करू?" गॅरेजवाला म्हणाला. हा प्रसंग त्याच्या कामात बसत नव्हता. "इंजिन बांधायला घेऊ, की नाही?"

मधलीने आधी उत्तर दिलं आणि मग तिला कळलं की दिलं. "नाही. इंजिन बांधायचं नाही. ओव्हन मी विकणार नाही."

"मग रबर घालू? ते मिळत नाही म्हणा या गाडीचं. पण एका ओळखीच्याकडे दुसऱ्या गाडीचं आहे, कापून बसेल कदाचित. किंवा भंगारात द्यायची असेल तर तसं सांगा. पण कुठलंही केलं तरी मालकाची सही लागेल."

"करतो ना सही," थोरला म्हणाला.

"तुमची नाही. गाडी अजून बाबांच्या नावावर आहे. तुम्ही कुणी बदललीच नाही."

हे खरं होतं. बॉडी बदलून घ्यायची तर थोरल्याच्या नावावर, पण इंजिनाचा नंबर वेगळा असतो तो मधलीच्या नावावर, आणि चाकांना नंबरच नसतो. म्हणून ते तसंच राहिलं होतं.

"बाबा नाहीत," मधली म्हणाली.

"ते मला माहीत आहे ताई. मी आलो होतो ना तेव्हा घरी. पण माझ्याकडे असे भाऊ-भाऊ येतात, आज एक हो म्हणतो, उद्या दुसरा पोलीस घेऊन येतो. रबर कुणाचं ते ज्यांनी वाटणी केली त्यांनी एकदा सांगावं. मग मी हात लावतो."

"म्हणजे बाबांनाच विचारायला हवं," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात ते मजल्याच्या नंबराइतकं साधं वाटलं.

कुणी हसलं नाही. आईने पर्स उघडून रुमाल काढला आणि वापरला नाही. थोरला मात्र हळूहळू उठून बसला, सीटची पाठ एका हाताने मागे धरून. मोजणीच्या कचेरीत त्याचं अर्धं आयुष्य अर्ज लिहिण्यात गेलं होतं. हद्द सापडेना की अर्ज करायचा, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने भिंतीवरच्या बॅटरी कंपनीच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि मांडीवर उलटं ठेवलं.

"पाठवायचं कुणाला?" वहिनीने विचारलं.

"ते नंतर बघू. आधी मसुदा."

"आणि केकचं?" मधली म्हणाली. तिला स्वतःलाच ऐकून आश्चर्य वाटलं, पण हॉटेलवाले या आठवड्यात कळवा म्हणाले होते.

थोरला लिहिता लिहिता म्हणाला, "हॉटेल कुठलं ते? पुलापलीकडचं ना? मी नेईन चालत. सकाळी तिकडेच असतो."

"तू केक नेणार? तीन मजली?"

"त्यात काय. मी तीस वर्षं सपाटी बघतोय. बुडबुड्याची पाणपातळी वर ठेवली की कुठे कलतं ते कळतं मला."

"केकवर पाणपातळी ठेवणार?"

"खाली ठेवेन. ताटाला." तो जरा थांबला. "पण ओव्हन विकू नकोस उगाच."

मधली त्याच्या कागदावर वाकून म्हणाली, "शब्द बघून लिही. मागच्या वेळी तू आईचं वय चुकवलं होतंस."

मग सगळे कॅलेंडरच्या पानाभोवती गोळा झाले. आईच्या सांगण्यावरून 'आज्ञा' काढून 'विनंती' घातलं गेलं. वहिनीने दुपारच्या जेवणानंतरच्या सोयीचा मुद्दा घालायला लावला. धाकट्याने सगळं एकदा मोठ्याने वाचून दाखवलं, दरवाजे बंद व्हायच्या आवाजात. शेवटचा मुद्दा मधलीने पेन्सिल हातात घेऊन स्वतः लिहिला, आणि कुणी खोडला नाही. अर्ज असा झाला:

प्रति,
मा. अधिकारी, वाहन नोंदणी विभाग
(विषय आपल्या अखत्यारीत येत नसल्यास ज्यांच्या येतो त्यांच्याकडे पाठवावा.)

विषय : दिवंगत वाहनमालकांस अर्ध्या दिवसापुरते गॅरेजमध्ये हजर राहण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून नम्र विनंती की, सदर वाहनाची वाटणी वाहनमालकांनी हयातीत केली असून तीत इंजिन व बॉडी यांच्यामधील रबर कोणाचे, हे सांगावयाचे राहून गेले आहे. जागेवर मोजणी केली असता हद्द रबरातूनच जात असल्याचे आढळले. सबब सर्व वारसांचा खोळंबा झाला आहे.

तरी सदर मालकांस, त्यांच्या सध्याच्या ठिकाणच्या नियमांस बाधा न येता, शक्यतो दुपारच्या जेवणानंतर, अर्ध्या दिवसाची सवलत द्यावी. त्यांना फार चालवू नये. त्यांनी रबराबाबत तोंडी खुलासा करून सही करावी. तसेच वेळ उरल्यास बॉडी, हॉर्न व फिरते भाग यांबाबतही दोन शब्द सांगावेत. अर्जदार क्रमांक दोन हिला इंजिन का दिले, हे मात्र इतर अर्जदारांसमोर सांगू नये. तिला बाजूला घेऊन सांगावे. ती या वेळी विचारेल.

वाहन सध्या सुट्या भागांत असल्याने त्यांना आणावयास पाठवता येत नाही, याबद्दल क्षमस्व. त्यांनी जमेल तसे यावे. उशीर झाल्यास आम्ही थांबू.